‘अधःस्तर’ या संज्ञेविषयी

मराठीच्या ऐतिहासिक विवेचनात ‘द्राविडी अधःस्तर’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. झाडीपट्टीच्या बोलीची चर्चा निघाली की त्याच ओघात ‘गोंडीचा अधःस्तर’ही येतो. संज्ञा भूविज्ञानाची आहे. आस्कोली या इटालियन भाषाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या कल्पनेस ती चिकटली, आणि तिच्या मूळ अर्थाचा विसर पडला.

स्तर एकावर एक साचतात. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. स्टेनोने १६६९ मध्ये सांगितलेला हा नियम न ढळलेल्या थरांपुरताच खरा आहे. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे पाहिलेल्यास ही प्रतिमा सहज पटावी, कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर तेथे जवळजवळ आडवे आहेत. (आपली रूपकेही बहुधा पश्चिमेकडूनच येतात!) गोंदिया जिल्ह्याची भूमी निराळी. आमगावच्या नावाने भूवैज्ञानिकांस परिचित असलेला पट्टिताश्म दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्यातील फिके व गडद पट्टे थरांसारखे भासतात. पण ते पट्टे म्हणजे साचलेले थर नव्हेत. भूगर्भातील उष्णता व दाब यांनी खनिजे निरनिराळ्या पट्ट्यांत विभागली गेली. तेथे खालचा पट्टा आधीचा, असे म्हणता येत नाही.

भाषेच्या बाबतीतही हाच विवेक हवा. या जिल्ह्यात मराठी, गोंडी, पोवारी, छत्तीसगढी या शेजारीशेजारी बोलल्या जातात. एकच माणूस बाजारात एक व घरी दुसरी बोलतो. भाषांची लक्षणे अशा द्वैभाषिकतेतून सीमा ओलांडतात, हे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारतास एक भाषिक क्षेत्र मानताना दाखविले. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद द्राविडी संपर्काचा पुरावा म्हणून दिला जातो. तो मान्य केला तरी त्यावरून कोणती भाषा ‘खाली’ गेली, हे सिद्ध होत नाही.

संज्ञेचा खरा दोष याहून गंभीर आहे. अधःस्तर म्हणजे गाडला गेलेला थर. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली गोंडी गाडली गेलेली नाही. तरीही या रूपकाच्या प्रभावाने अभ्यासक मराठी शब्दांत गोंडीचे अवशेष शोधीत बसतो, आणि देवरी-सालेकसा भागातील गोंडी बोलणारा माणूस त्याच्या टिपणवहीबाहेरच राहतो.