गवारीचा गोंद आणि ‘प्रीबायोटिक’ शब्दाची घाई

अंधेरी, घाटकोपर किंवा बोरिवलीच्या औषधांच्या दुकानांत ‘प्रीबायोटिक’ असे छापलेली पाकिटे आता सहज दिसतात. ‘हे म्हणजे दह्यातले जीवाणू का?’ असा प्रश्न वर्गात येऊ शकतो. उत्तर सोपे आहे : दह्यात जीवाणू असतात, तर प्रीबायोटिक हे आपल्या मोठ्या आतड्यातील जीवाणूंचे अन्न. मात्र या शब्दाला पुरावा काय लागतो, हा प्रश्न जाहिरात टाळते. शिक्षकाने तो टाळू नये.

आपल्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. गवारीच्या बियांपासून मिळणारा गोंद ही एक बहुशर्करा आहे. मॅनोज या शर्करेच्या लांब साखळीला गॅलॅक्टोजच्या फांद्या असतात. साधारणपणे दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज. ही साखळी तोडणारी विकरे आपल्या लहान आतड्यात नाहीत. म्हणून ती मोठ्या आतड्यापर्यंत पोचते. तेथील जीवाणू ती आंबवतात आणि अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन होय.

अडचण आहे ती चिकटपणाची. चिमूटभर गोंदानेही पाणी दाट होते. अमेरिकेत १९९०च्या सुमारास वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गवार-गोंदाच्या गोळ्या अन्ननलिकेत फुगून अडकल्या, आणि त्यांच्यावर कारवाई करावी लागली. म्हणून विकराच्या साहाय्याने साखळीचे तुकडे करून गोंद वापरतात. मुंबईतच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१०नंतरच्या दशकात हेच काम गॅमा किरणांनी करून पाहिले आणि दोन्ही पद्धतींनी मिळालेल्या गोंदाच्या गुणधर्मांची तुलना केली. पदार्थाचे गुण तपासण्याचा हा योग्य मार्ग आहे. आमचा आक्षेप प्रयोगशाळेवर नाही. प्रयोगशाळेतून थेट पाकिटावर मारल्या जाणाऱ्या उडीवर आहे.

‘प्रीबायोटिक’ ही संकल्पना १९९५ साली गिब्सन व रोबरफ्रॉइड यांनी मांडली. तिच्यात तीन अटी आहेत. पदार्थ वरच्या आतड्यात पचू नये. मोठ्या आतड्यातील मोजक्याच जीवाणूंना त्याने चालना द्यावी. आणि त्यातून माणसाच्या आरोग्याला लाभ व्हावा. २०१७च्या सुधारित व्याख्येतही निवडकपणा आणि लाभ या दोन अटी कायम आहेत. परीक्षानळीत एक उपयुक्त जीवाणू वाढला, तर तो हे अन्न खाऊ शकतो एवढेच सिद्ध होते. शेजारचा उपद्रवी जीवाणूही तेच खात असेल तर? ते तपासल्याशिवाय दुसरी अट पूर्ण होत नाही, आणि तिसरी तर परीक्षानळीत पूर्ण होऊच शकत नाही.

उंदरांवरील प्रयोगांतही सावधगिरी हवी. अनेक प्रयोगांत चरबीयुक्त शुद्ध आहाराची तुलना साध्या धान्याच्या खाद्याशी केली जाते. या दोहोंत केवळ चरबीचा फरक नसतो. शुद्ध आहारात विद्राव्य तंतूही जवळजवळ नसतात. ही उणीव उंदरांच्या लठ्ठपणाला हातभार लावते, असे शासेंग व सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले. एका वेळी एकच घटक बदलावा, हा आपण शाळेत शिकवतो तोच नियम येथे निसटला होता.

शिवाय मात्रेचा प्रश्न उरतोच. कांदा-लसणात व चिकोरीच्या मुळात आढळणारे इन्युलिन हे प्रयोगशाळांचे आवडते प्रीबायोटिक. पण २०१८ साली, आतड्यातील जीवाणूंचा समतोल ढळलेल्या काही उंदरांत इन्युलिनयुक्त आहारानंतर यकृताचा कर्करोग आढळला. २०२२च्या एका लहान मानवी अभ्यासात रोज ३० ग्रॅम इन्युलिन घेणाऱ्या काहींमध्ये दाह वाढल्याची लक्षणे दिसली. याचा अर्थ कांदा खाऊ नये असा मुळीच नाही. भाजीतला तंतू आणि शुद्ध भुकटीचा मोठा डोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

‘शाळेत इतके बारकावे कशाला?’ असे कोणी म्हणेल. पण ‘तंतुमय पदार्थांमुळे पोट साफ होते’ या एका वाक्यात सारे तंतू एकाच माळेत ओवले जातात. इसबगोल पाणी धरून ठेवतो, पण जीवाणू त्याला फारसे आंबवत नाहीत. तो उपयुक्त तंतू आहे. तरी तेवढ्यावरून प्रीबायोटिक ठरत नाही. वर्गात एका पेल्यात इसबगोल व दुसऱ्यात गव्हाचा कोंडा भिजत घालावा. काय दिसले हे मुलांनी लिहावे, आणि त्यावरून काय सिद्ध झाले नाही हेही लिहावे.

नंतर कोणतेही पाकीट हाती घेऊन तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणावर झाला? मात्रा किती होती? तुलना कशाशी केली? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत घरातला पैसा डाळी, पालेभाज्या आणि गवारीच्या शेंगांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.