भय, चिंता आणि ऊसतोड कामगार स्त्री : एक तात्त्विक चिकित्सा

प्रस्तावना

भय आणि चिंता हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जात असले, तरी अस्तित्ववादी विचाराने त्यांत मूलभूत भेद केला आहे. भयाला निश्चित विषय असतो. चिंतेला तो नसतो. सोरेन किर्केगार्द यांनी १८४४ मध्ये चिंतेचा संबंध मानवी स्वातंत्र्याशी जोडला, तर पॉल टिलिख यांनी १९५२ मध्ये असे प्रतिपादन केले की, चिंता भयाचे रूप घेऊ पाहते. कारण भयाला सामोरे जाता येते. ही मांडणी बीड जिल्ह्यातील वास्तवाच्या आधारे तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

विवेचन

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ म्हणून राबतात. खाडा झाल्यास दंड बसतो. पाऊस, कर्ज, आजारपण यांची ही चिंता निर्विषय नाही. तिचे विषय परस्परांत इतके गुंतलेले आहेत की, एकाशी झुंजून सुटका होत नाही. शिवाय ती निवडीच्या स्वातंत्र्यातून नव्हे, तर निवडीच्या अभावातून उद्भवते. किर्केगार्द यांची मांडणी येथे अपुरी पडते.

टिलिख यांची मीमांसा मात्र अधिक उपयुक्त ठरते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या अहवालानुसार जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या, असे नव्हे. परंतु कर्करोगाची भीती घालण्यात आल्याचे अनेकींनी सांगितले. मजुरी बुडण्याची आणि उचल न फिटण्याची चिंता अशा रीतीने एका अवयवाविषयीच्या भयात रूपांतरित झाली. भयावर शस्त्रक्रियेचा उपाय झाला. उचल आणि खाडा मात्र कायम राहिले.

निष्कर्ष

टिलिख हे रूपांतर मनाची स्वाभाविक प्रवृत्ती मानतात. बीडचा अनुभव त्यात महत्त्वाची भर घालतो : चिंतेला भयाचा विषय दुसरा कोणी पुरवू शकतो आणि त्यातून लाभही मिळवू शकतो. म्हणून अशा परिस्थितीत केवळ वैयक्तिक धैर्याचा उपदेश पुरेसा नाही. भयाचा विषय कोणी ठरवला, हा प्रश्नही तत्त्वचिंतनाच्या कक्षेत यावयास हवा.