सीमेवरचे गड आणि मराठी दुर्गकथन : चंदगड परिसराच्या संदर्भात

मराठी दुर्गकथनाला दोनच प्रसंग विशेष मानवले आहेत : गड जिंकला जातो तो, किंवा गड ढासळल्यावर कोणी अभ्यागत तेथे येऊन गहिवरतो तो. पोवाडा आणि ऐतिहासिक कादंबरी पहिल्यात रमली, दुर्गभ्रमणपर लेखन दुसऱ्यात. या दोहोंच्या मधला दीर्घ काळ, म्हणजे गडावर माणसे नुसती राहत असतात तो काळ, वाङ्मयाच्या दृष्टीने जवळजवळ निर्मनुष्य राहिला आहे. ही उणीव चंदगडसारख्या सीमावर्ती परिसरात ठळकपणे जाणवते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो जिल्हा म्हैसूर राज्यात गेला; चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. येथील बोलीवर कोकणी आणि कन्नड या दोन्ही भाषांचे संस्कार आहेत. पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड आणि महिपालगड हे चार गड या एका तालुक्यात आहेत आणि कलानिधीगड वगळता उरलेल्या तिन्हींवर आजही वस्ती आहे. जेथे चूल पेटते आणि गोठ्यात गुरे बांधलेली असतात, तेथे भग्नतेचा विलाप करायचा कशाचा? ‘माचीवरला बुधा’मध्ये गो. नी. दांडेकरांनी राजमाचीच्या परिसरातले वास्तव्य हाच कादंबरीचा विषय केला, हे खरे. पण बुधाचे राहणे हे एकट्याचे, निसर्गात विरघळत जाणारे राहणे आहे. नांदत्या गावाची कथा ती नव्हे.

पारगडाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या कथेत रायबाचे कार्य काय? त्याचे लग्न ठरलेले असते आणि कोंढाण्यासाठी ते मागे ठेवले जाते. वडिलांच्या त्यागाला उंची यावी एवढ्यापुरताच तो कथेत येतो. लोककथेत महाराज पुढे ते लग्न लावून देतात आणि त्यानंतर रायबाला काही काम उरत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचे तर शीर्षकच कथेचा शेवट सांगून टाकते. पारगडाची परंपरा मात्र याच रायबाला, रायाजी मालुसऱ्यांना, गडाचा पहिला किल्लेदार मानते. गड जागता ठेवावा, अशी महाराजांची आज्ञा झाली असे तेथे सांगतात आणि मालुसऱ्यांचे वंशज अद्याप गडावर नांदतात. ही आज्ञा कागदोपत्री सिद्ध होते की नाही, हा इतिहाससंशोधकांचा प्रश्न. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की १६७० च्या कोंढाण्यावर संहितेने थांबवलेली कथा येथे मौखिक परंपरेने पुढे नेली आहे. आणि पुढे नेताना तिचे मूल्यही बदलले आहे. येथे शौर्य मरण्यात नाही, न हलण्यात आहे. पोवाड्याच्या चढत्या लयीला हे मूल्य पेलणे कठीणच.

याच तालुक्यातील, ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड हे रणजित देसाई यांचे गाव. ‘बारी’त त्यांनी सीमाभागातील बेरड समाजाचे जीवन रेखाटले, ‘माझा गाव’मध्ये ग्रामजीवन, परंतु ऐतिहासिक कादंबरीकडे वळताच त्यांची दृष्टी पुण्याकडे आणि रायगडाकडे गेली. ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. तथापि घराजवळचे गड लेखकालाही इतिहासाचा ऐवज वाटू नयेत, यात मराठी ऐतिहासिक कादंबरीचा केंद्राभिमुख स्वभाव दिसतो. ज्या लेखकाला परिघावरचा वर्तमान दिसला, त्याला परिघावरचा इतिहास का दिसला नाही, याचे उत्तर व्यक्तीत नव्हे, त्या वाङ्मयप्रकारात शोधावे लागेल.

दुर्गविषयक माहितीपर पुस्तकांनी ही त्रुटी भरून काढली असे म्हणता येत नाही. दरवाजे, बुरूज, टाकी यांची मोजदाद त्यांत असते. गडावरचा रहिवासी मात्र वाट दाखवण्यापुरता किंवा पाण्याचा तांब्या पुढे करण्यापुरता येतो. तो जे सांगतो ते प्रमाण मराठीत उतरते. त्याच्या बोलीतली कोकणी वळणे, कन्नड शब्द आणि गड, गाव व घर यांसाठी तो सहजपणे वापरतो ती एकच सर्वनामे गाळली जातात. आणि त्यांबरोबर त्याचे गडाशी असलेले नातेही.