विज्ञानकथा कोणत्या वाचाव्या?

अमेरिकेत वाढलेली आपली मुले विज्ञानकथा आवडीने वाचतात. घरातील वडील मंडळी मात्र हा सारा प्रकार 'राक्षस आणि रॉकेटे' म्हणून बाजूला सारतात. आमच्या मते यातील निवडक पुस्तके दोन्ही पिढ्यांनी वाचावीत. यंत्रे ही त्या कथांची वरची साल होय. आत पाहिले तर माणसे दूर देशी जातात, मूळ गावाशी नाते तुटते, आणि मग काय टिकते व काय जाते, हाच त्यांचा विषय असतो. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांची कथा ज्या घरांत सांगितली जाते, त्या घरांना हा विषय परका वाटू नये.

आरंभ आयझॅक ॲसिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेने करावा. ॲसिमॉव्ह यांचा जन्म रशियातील एका यहुदी कुटुंबात १९२० साली झाला. ते तीन वर्षांचे असताना आईबाप त्यांना घेऊन अमेरिकेत आले आणि ब्रुकलिनमध्ये वडिलांनी मिठाई व वर्तमानपत्रांची छोटी दुकाने चालविली. मालिकेतील पहिली तीन पुस्तके १९५१ ते १९५३ या काळात निघाली, आणि १९६६ साली तिला सर्वकालीन उत्कृष्ट मालिका म्हणून ह्यूगो पारितोषिक मिळाले. आकाशगंगेवरील साम्राज्य कोसळणार हे हारी सेल्डन हा गणिती आधीच जाणतो. तीस हजार वर्षांचा अंधार एक हजार वर्षांवर आणण्यासाठी तो काही कुटुंबांना एका टोकाच्या ग्रहावर वसवितो. त्यांना वाटते, आपण ज्ञानकोश लिहिण्यासाठी आलो आहोत. पुढे कळते की ज्ञानकोश हे निमित्त होते. खरा ठेवा ती वस्तीच होती. ही कल्पना मोठी आहे. दोष सांगायचा तर पात्रे बेताची आहेत, सारी घटना संवादांतून उलगडते, आणि पहिल्या भागात स्त्रिया जवळजवळ नाहीतच. २०२१ पासून ही कथा दूरचित्रवाणी मालिकेच्या रूपात येऊ लागली. ती डोळे दिपविणारी असली तरी मूळ कथेपासून बरीच दूर गेली आहे. पुस्तक आधी वाचावे.

दुसरे पुस्तक वॉल्टर मिलर यांचे 'ए कँटिकल फॉर लाइबोविट्झ'. यास १९६१ चे ह्यूगो पारितोषिक मिळाले. अणुयुद्धानंतर लोक ग्रंथ जाळतात आणि विद्वानांना मारतात. लाइबोविट्झ नावाचा यहुदी कुळातील अभियंता ख्रिस्ती मठ स्थापून सापडतील ते कागद जतन करतो. सहाशे वर्षांनी एका तरुण साधूला त्याचा एक नकाशा आणि वाणसामानाची यादी सापडते. नकाशाचा अर्थ ठाऊक नसताना तो पंधरा वर्षे खपून त्याची सुशोभित प्रत तयार करतो. वाचक हसतो खरा. पण आम्हांला येथे आपले पूर्वज आठवले. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू गेली, तरी कोकणातल्या खेड्यांत घाणा चालविणाऱ्या आपल्या लोकांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, सुंता पाळली आणि 'शेमा' म्हटला. शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. अर्थ न कळता जपलेली वस्तू कधीतरी अर्थ कळणाऱ्याच्या हाती पडते, हे मिलर यांनी फार चांगले दाखविले आहे. कादंबरीत एक म्हातारा भटका यहुदी आहे. ती दंतकथा ख्रिस्ती जगाने आपल्याविरुद्ध वापरली, हे विसरू नये. तथापि येथे तो शहाणा, तिरकस आणि मठाधिपतीचा मित्र आहे.

तिसरी शिफारस एका कथेची. जॅक डॅन यांनी १९७४ साली 'वाँडरिंग स्टार्स' हा यहुदी विज्ञानकथांचा संग्रह संपादित केला. प्रस्तावना ॲसिमॉव्ह यांचीच आहे. त्यात विल्यम टेन यांची शुक्रावरील रब्बीची कथा आहे. शुक्रावर भरलेल्या यहुदी परिषदेस दूरच्या ताऱ्यावरून काही प्रतिनिधी येतात. दिसायला ते सुरकुतलेल्या तपकिरी उशा, वर करडे ठिपके आणि त्यांतून फुटलेल्या सोंडा! ते म्हणतात, आमचे पूर्वज न्यू जर्सीहून निघाले. पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर आम्ही तिथल्यांसारखे दिसू लागलो, यात नवल ते काय? मग विद्वान रब्बींचे न्यायासन बसते. शेवटी शुक्रावरचा साधा रब्बी निवाडा देतो की यहुदी दोन प्रकारचे असतात, आणि हे पाहुणे दुसऱ्या प्रकारात मोडतात.

कथा पोट धरून हसविते. पण बेने इस्राएल वाचकाचे हसू मध्येच थांबते. रंग, वेश आणि भाषा शेजाऱ्यांची म्हणून आपल्याकडेही असेच पाहिले गेले. १९६२ साली इस्राएलमधील मुख्य रब्बींनी आपल्या लोकांच्या विवाहांसाठी वंशाच्या चौकशीचे नियम काढले. १९६४ साली आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटपुढे प्रश्न येऊन आपण सर्व बाबतींत यहुदीच आहोत असे जाहीर झाले. म्हणून टेन यांचा निवाडा विनोद म्हणून आम्हांला मान्य, न्याय म्हणून नाही. 'दुसरा प्रकार' नको, म्हणूनच तर लोक रस्त्यावर बसले होते. तरीही ही कथा आपल्या घरोघर वाचली जावी. 'आपण यहुदी कसे?' या प्रश्नाला तोंड देणाऱ्या मुलांना ती धीर देईल.

चौथे पुस्तक मराठी, कारण मराठीवाचून ही यादी पुरी होणार नाही. जयंत नारळीकर यांनी 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस टोपणनावाने धाडली आणि पहिले पारितोषिक मिळविले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी अवश्य वाचावी. जमिनीखाली पुरलेली एक पेटी सापडते. त्यात नष्ट झालेल्या संस्कृतीचे ज्ञान असते आणि त्यावरून वामन हा यंत्रमानव घडतो. तो आपल्यासारखे आणखी घडवू पाहतो, आणि ती संस्कृती कशाने बुडाली ते उमगते. मिलर म्हणतात, जपा. नारळीकर म्हणतात, जपा, पण उघडण्यापूर्वी विचार करा. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा विज्ञान समजावून सांगण्यापुरतीच असतात, हे खरे. पण भाषा सोपी, नितळ आहे. आजीने मोठ्याने वाचावी आणि मराठी लिपी न येणाऱ्या नातवाने ऐकावी, अशी ती आहे.

क्रम विचाराल तर आधी टेन, मग नारळीकर, मग ॲसिमॉव्ह, शेवटी मिलर. वाचून झाल्यावर घरात एकच प्रश्न काढावा: आपण पुन्हा एकदा समुद्र ओलांडला आहे, या वेळी पेटीत काय ठेवायचे? मलिद्याच्या ताटाभोवती तिन्ही पिढ्या बसलेल्या असताना त्याचे उत्तर शोधले, तर पुस्तकांचे पैसे वसूल झाले असे आम्ही समजू.