कळ आणि कला

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा गणेशोत्सवाचे मांडव उतरून महिना-दीड महिना होऊन गेलेला असतो. कानांतला गोंगाट ओसरलेला असतो, डोळ्यांपुढे मात्र आरास अजून तरळत असते. म्हणून त्या दहा दिवसांतल्या एका कलेविषयी शांतपणे बोलायला हाच काळ बरा. ती कला म्हणजे हलता देखावा.

नाटकावर आपण टीका लिहितो, चित्रप्रदर्शनावर लिहितो, आठवड्याला येणाऱ्या आणि जाणाऱ्या चित्रपटांवरही लिहितो. देखाव्याच्या वाट्याला मात्र मंडळाचे नाव, विषयाचे नाव आणि बक्षिसाचा क्रमांक यांपलीकडे काही येत नाही. वास्तविक शिल्प, चित्र, नाट्य, प्रकाश, ध्वनी आणि यंत्र ही सारी एका मांडवात नांदतात अशी दुसरी लोककला आपल्याकडे नाही. कला, विज्ञान आणि तंत्र यांचा मेळ घालणारे वार्षिक महोत्सव आता मोठ्या शिक्षणसंस्थांतून भरतात, मुंबईच्या आय. आय. टी.चा ‘टेकफेस्ट’ १९९८ पासून भरतो आहे. पण आपल्या गल्लीबोळांतून असा महोत्सव त्याच्या कितीतरी आधीपासून दर भाद्रपदात भरत आला आहे. त्याला कोणी महोत्सव म्हटले नाही, आपण ‘गणपती बघायला जाऊ या’ म्हटले, इतकाच फरक.

या कलेची मुळे पाहू गेल्यास १८९२ हे साल मोठे गंमतीचे दिसते. त्या वर्षी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या यंत्रातून पडद्यावर पाडायची, पट्ट्या भराभर सरकवून चित्र हलल्याचा भास निर्माण करायचा आणि सोबतीला निवेदन व संगीत ठेवायचे, असा तो प्रकार होता. त्याच वर्षी पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांच्या गणपतीची स्थापना झाली आणि १८९३ पासून लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक उत्सव पसरत गेला. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा उत्सवही १८९३ चाच. पहिला मान कोणाचा, या वादात मला पडायचे नाही. मला लक्षात आणून द्यायचे आहे ते निराळेच. रंगारींची मूर्ती आसनस्थ नाही. तो राक्षसाशी झुंजणारा गणपती आहे. म्हणजे सार्वजनिक गणपती जन्मला तोच मुळी देखावा होऊन! त्यात कळ नाही, दोरी नाही, वीज नाही. आणि तरीही पाहणाऱ्याच्या मनात घाव पडतोच. पटवर्धनांनी हालचालीचा भास यंत्रातून निर्माण केला, रंगारींनी तो स्थिर मूर्तीतून केला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे आपला देखावा या दोन टोकांमध्ये हेलकावे खातो आहे.

वीज आली आणि मांडवात यंत्र शिरले. जुन्या देखाव्याची कळ फारशी अवघड नसे. एक मोटार, तिचा वेग उतरवायला लहानमोठ्या चाकांवरून फिरणारे पट्टे आणि शेवटच्या चाकाच्या कडेला ठोकलेला खिळा. त्या खिळ्याला दांडा अडकवला की गोल फिरणे खालीवर होण्यात बदलते. मग तो दांडा हनुमंताच्या गदेला जोडा, नाही तर द्रौपदीच्या लुगड्याला. दिव्यांच्या पळत्या माळांचे रहस्यही असेच साधे. लाकडाचा रूळ, त्यावर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि त्यांना घासत जाणारी तारांची टोके. रूळ फिरेल तसे दिवे पेटत आणि विझत. पुण्यात डी. एस. खटावकरांसारख्या शिल्पकाराने या कामाला आपले कसब दिले. तुळशीबागेच्या गणपतीची १९७५ ची फायबरची मूर्तीही त्यांच्याच हातची. परंतु पुण्यामुंबईबाहेर हे काम केले ते बहुतांशी हौशी हातांनी.

आमच्या कुर्डुवाडीचे उदाहरण घेतो, कारण ते मला जवळचे आहे. हे गाव रेल्वेने वाढवले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली इथून सुरू झाली, पुढे ती एका अंगाने पंढरपूर-मिरजेला आणि दुसऱ्या अंगाने लातूरला गेली. गावात रेल्वेचा कारखाना. त्यामुळे क्रँक, दांडा, गिअर हे शब्द आमच्या घरांतून जेवणाच्या पानावर ऐकू येत. श्रावण लागला की गल्लीतल्या मंडळात कामावरून आलेली वडीलधारी मंडळी आणि शाळेतून आलेली आम्ही पोरे एकाच मोटारीभोवती बसत असू. ‘काका, हे उलटं का फिरतंय?’ असे विचारले की काका उत्तर देत नसत; पट्टा काढून आमच्या हातात देत आणि म्हणत, ‘आठाचा आकडा करून घाल, मग कळेल.’ घातल्यावर कळेही.

त्या काळच्या देखाव्यांपैकी एक मला आजही उत्तम कलाकृती वाटतो. विषय होता गोरा कुंभार. गोरोबांचे तेर आमच्यापासून फार दूर नाही, कथा प्रत्येक घरात ठाऊक. डोळे मिटून विठ्ठलनामात गुंगलेले गोरोबा चिखल तुडवीत आहेत. सबंध देखाव्यात हलत होते ते त्यांचे दोन पाय आणि चिखलाकडे रांगत येणारे मूल. एका चाकावर समोरासमोर दोन खिळे, दोन दांडे, दोन पाय. एक वर जाई तेव्हा दुसरा खाली येई. मूल चिखलाच्या कडेशी पोचले की दिवे जात. पुन्हा दिवे लागत तेव्हा मूल नसे. पाय मात्र तसेच, त्याच लयीत चाललेले असत.

बायका पदराने डोळे टिपीत. का टिपीत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. यंत्राला थांबता येत नाही, हा यंत्राचा दोष. त्या देखाव्याने तो दोषच कथेचा अर्थ करून टाकला होता. भक्ताचे पाय थांबत नाहीत आणि तेच भयंकर आहे, हे शब्दाने सांगावे लागले नाही, चाकाने सांगितले. कळ आणि कला एकमेकींत मुरल्या म्हणजे काय होते, ते तिथे दिसले.

याच्या उलट उदाहरणे काय थोडी आहेत? अफजलखानाच्या वधाचा देखावा घ्या. महाराजांचा हात मिनिटाला वीस वेळा वर जातो आणि खाली येतो. चार वेळा पाहिल्यावर वाटते, महाराज खानाला वारा घालीत आहेत! तिथे हालचाल आहे, कृती नाही. कृती एकदाच घडते, हालचाल वारंवार होते. जे एकदाच घडायचे ते यंत्राला वारंवार करायला लावले की शौर्याचेही खेळणे होते. रंगारींच्या गणपतीचा झुंजणारा हात हलत नाही, म्हणूनच तो आजवर थकलेला नाही. देखाव्याच्या टीकाकाराने पहिली कसोटी लावावी ती हीच : जे हलते आहे ते हलले नसते तर काय बिघडले असते? काहीच बिघडले नसते, असे उत्तर आले, तर मोटार फुकट गेली.

पुढे हलत्या बाहुल्यांच्या जागी ‘जिवंत देखावे’ आले. यात माणसे उभी राहतात खरी, पण आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि रात्रीतून अनेकदा तोच प्रवेश करून त्यांना त्यावर ओठ हलवावे लागतात. यंत्राने माणसासारखे हलावे म्हणून आपण इतकी वर्षे खपलो. आता माणूस यंत्रासारखा हलू लागला. त्यानंतर आले विजेचे भले थोरले पडदे. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ऑगस्टच्या २३ तारखेला चंद्रावर उतरले आणि १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आली. साहजिकच मांडवोमांडवी चांद्रयान उतरले. मी पाहिलेल्या बहुतेक देखाव्यांत यान होते, धूर होता, जयघोष होता. पण चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे छत्री उघडून उतरता येत नाही. इंजिनाचा झोत खाली सोडूनच वेग मारावा लागतो, हे कोठे दिसले नाही. एका दोरीने आणि एका कप्पीने दाखवता आले असते! मुलाने टाळी वाजवली. त्याला प्रश्न मात्र पडला नाही.

यावरून मी जुन्याचा भाट आहे असे कोणी समजू नये. जुन्या मांडवांत उघड्या तारा लोंबत. दिवे मंद करायला मिठाच्या पाण्याच्या पिंपात विजेची तार बुडवणारे महाभाग असत. कोणी दगावले नाही ही गजाननाची कृपा. थर्मोकोलचे महाल आपणच नदीत लोटले. २०१८ साली शासनाने बंदी घातली तेव्हा कुठे हात आवरला. आणि नव्या विज्ञानाने उत्सवाला दिलेली उत्तम देणगी तर मांडवात नव्हे, बादलीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवण्याची रीत दिली आणि २०१६ च्या सुमारास ती घरोघर पोचू लागली. लहान मूर्ती दोन-तीन दिवसांत विरते, तळाशी खडूसारखा चुना बसतो आणि वरचे पाणी अमोनियम सल्फेटचे, म्हणजे झाडांना खत. निर्माण, विसर्जन आणि पुन्हा माती हा उत्सवाचा सारा अर्थ त्या बादलीत मुलांच्या डोळ्यांदेखत घडतो. मी तर त्यालाही देखावाच म्हणेन, आणि तोही पहिल्या प्रतीचा.

तेव्हा भांडण जुन्या-नव्याचे नाही. भांडण आहे ते घडवण्याचे आणि भाड्याने आणण्याचे. वर्गणी जमते, बैठक बसते आणि एक प्रश्न पुढे येतो : एवढ्या पैशात तीन रात्रींचा पडदा आणि भिंतीएवढे कर्णे आणायचे, की पत्रा, मोटार, लाकूड आणून महिनाभर पोरांना कामाला लावायचे? पडद्याने गर्दी जमते, हे खरे. पण तो ट्रकमधून येतो आणि ट्रकमधूनच परत जातो. गावात मागे काही राहत नाही. आमची अडीच फुटी गाडी गेली, रुंद रूळ आले, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. परंतु त्या गाडीने गावाच्या बोटांत जे ठेवले होते ते पुढच्या पिढीच्या बोटांत जाण्याची एक शाळा होती, आणि ती भाद्रपदात मांडवामागे भरत असे. फी नव्हती, परीक्षा नव्हती, नापास कोणी होत नसे. ती शाळा बंद पडली तर तिची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. आता बक्षिसे वाढतील, परीक्षक येतील. त्या परीक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी एक बक्षीस कळीसाठीही राखून ठेवावे. आणि वाचकांना विनंती अशी की, पुढच्या भाद्रपदात मुलाबाळांना घेऊन मांडवात गेलात म्हणजे समोरून दर्शन घेऊन लगेच फिरू नका. जरा मागच्या बाजूला डोकवा. तिथे तेलकट हातांचे एखादे पोर चाकाशी बसलेले दिसले, तर त्याला विचारा, ‘हे कसं रे केलंस?’ ते जे सांगेल, ते तुमच्या मुलांना ऐकू द्या.