मोनो ते स्टिरिओ : अभिजात नाताळगीतांच्या ध्वनिसंहितेचा प्रश्न

प्रस्तावना :

डिसेंबर महिना सुरू झाला की अमेरिकेत व युरोपात रेडिओवरून, दुकानांतून आणि आता इंटरनेटवरील संगीतसेवांवरून जी नाताळगीते ऐकू येऊ लागतात, त्यांतील फार मोठा भाग १९४० ते १९६५ या पाव शतकात ध्वनिमुद्रित झालेला आहे. ही गीते म्हणजे चर्चमधील स्तोत्रे नव्हेत. घर, हिवाळा, भेटवस्तू आणि दूर असलेल्या माणसांची आठवण हे त्यांचे विषय असून लोकप्रिय संगीताच्या व्यवसायातून ती जन्माला आली. त्यांचे आयुष्य मात्र त्या व्यवसायातील इतर कोणत्याही गीतापेक्षा अधिक ठरले आहे. ब्रेंडा ली हिने वयाच्या तेराव्या वर्षी, १९५८ मध्ये गायिलेले 'रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री' हे गीत डिसेंबर २०२३ मध्ये 'बिलबोर्ड हॉट १००' या सूचीत प्रथम क्रमांकावर पोहोचले, ही एकच गोष्ट त्यांच्या चिरंजीवित्वाची साक्ष देण्यास पुरेशी आहे.

दरवर्षी परत येणाऱ्या या गीतांना दरवर्षी नवे रूप देण्याचा मोह ध्वनिमुद्रिका कंपन्यांना होणे स्वाभाविक आहे. त्यातूनच मूळची मोनो, म्हणजे एकाच वाहिनीवर मुद्रित झालेली गीते स्टिरिओ, म्हणजे द्विवाहिनी स्वरूपात पुन्हा सिद्ध करण्याची प्रथा रूढ झाली. या पुनर्रचनेकडे सामान्यतः तांत्रिक सुधारणा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तिचा विचार संहितेचा प्रश्न म्हणून केला आहे. मोनो ध्वनिमुद्रणाचे स्टिरिओ करणे म्हणजे जुने चित्र पुसून स्वच्छ करणे नव्हे, तर त्या चित्राचे नवे वाचन करणे होय, आणि वाचनाने संहितेची जागा घेऊ नये, अशी या लेखाची भूमिका आहे.

मोनो : उणीव की रचना?

स्टिरिओचे तत्त्व आपल्या श्रवणाच्या मूलभूत वैशिष्ट्यावर उभे आहे. एका बाजूने आलेला ध्वनी एका कानापर्यंत आधी व दुसऱ्यापर्यंत किंचित नंतर पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे १५००व्या भागाइतका असतो, तरीही मेंदू त्यावरून दिशेचा अंदाज घेतो. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन याने १९३१ मध्ये या तत्त्वावर आधारित ध्वनिमुद्रणपद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रिका बाजारात येण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

या इतिहासामुळे १९५८ पूर्वीचे मोनो म्हणजे केवळ नाइलाज होता असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. मोनोमध्ये डावे-उजवे नसते हे खरे, पण जवळ-दूर असते. एकाच वाहिनीत सर्व ध्वनी सामावायचे असल्यामुळे कोण मायक्रोफोनच्या जवळ उभा राहील, कोण मागे सरेल, वृंदगायक किती अंतरावर असतील यांचा निर्णय ध्वनिमुद्रणाच्या खोलीतच करावा लागे. बिंग क्रॉस्बीची गायनशैली याच व्यवस्थेतून घडली. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची त्याला गरज उरली नव्हती. मायक्रोफोनशी कुजबुजावे तसा तो गातो आणि ऐकणाऱ्याला तो आपल्या शेजारी बसला आहे असे वाटते. वाद्यमेळ व वृंदगायक त्याच्या पाठीशी आहेत, त्याच्या भोवती नाहीत. मोनो ध्वनिमुद्रणातील अवकाश हा असा खोलीचा अवकाश आहे, रुंदीचा नव्हे.

पुनर्रचनेचे चार मार्ग :

मोनो गीताला स्टिरिओ रूप देण्याचे चार मार्ग आजवर अवलंबिले गेले. एकच शब्द वापरून त्या सर्वांविषयी बोलल्यामुळे चर्चेत गोंधळ होतो, म्हणून त्यांतील भेद येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

पहिला मार्ग कलावंताने स्वतः पुन्हा गाण्याचा. मेल टॉर्मे व रॉबर्ट वेल्स यांचे 'द ख्रिसमस साँग' नॅट किंग कोल याने १९४६ मध्ये प्रथम आपल्या त्रिकुटासह व त्याच वर्षी पुन्हा तंतुवाद्यांसह गायिले. १९५३ मध्ये त्याने ते तिसऱ्यांदा गायिले, आणि १९६१ मध्ये राल्फ कारमायकल याच्या संगीतसंचालनाखाली चौथ्यांदा, स्टिरिओमध्ये. आज सर्वत्र ऐकू येते ते हे चौथे रूप होय.

दुसरा मार्ग कृत्रिम स्टिरिओचा. स्टिरिओ यंत्रे घराघरांत जाऊ लागल्यावर जुना मोनो साठा विकायचा कसा, या प्रश्नाचे ते व्यापारी उत्तर होते. कॅपिटल कंपनीने १९६१ पासून 'ड्युओफोनिक' या नावाने ही प्रक्रिया वापरली. एका वाहिनीत खालचे स्वर व दुसरीत वरचे स्वर अधिक ठेवायचे आणि दोहोंत किंचित कालांतर निर्माण करायचे, असे तिचे स्वरूप होते. एल्व्हिस प्रेस्ली याची १९५७ ची नाताळगीतांची मोनो ध्वनिमुद्रिका आरसीए कंपनीने १९६४ मध्ये अशाच प्रकारच्या प्रक्रियेने स्टिरिओ म्हणून विकली. अशा गाण्यात वाद्ये वेगळी होत नाहीत. प्रत्येक वाद्याचेच दोन तुकडे होतात, आणि दोन्ही वाहिन्या पुन्हा एकत्र केल्या की काही स्वर परस्परांना क्षीण करतात व गाणे पोकळ भासते.

तिसरा मार्ग मूळच्या बहुमार्गी ध्वनिफिती उपलब्ध असल्यास त्यांवरून नवे मिश्रण करण्याचा. येथे सामग्री खरीखुरी असते, निर्णय मात्र नवा असतो.

चौथा मार्ग अलीकडचा आहे. एकत्र झालेल्या ध्वनीतून गायक व वाद्ये संगणकाच्या साहाय्याने वेगळी काढली जातात. फ्रान्समधील डीझर या कंपनीने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' ही अशी प्रणाली सर्वांना खुली केली. पीटर जॅक्सन यांच्या 'गेट बॅक' (२०२१) या बीटल्सवरील माहितीपट-मालिकेनंतर या तंत्राची सार्वत्रिक चर्चा झाली. सुट्या स्वरूपात उपलब्ध असलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांवरून संगणक शिकतो आणि नव्या गाण्यात कोणता ध्वनी कशाचा असावा याचा अंदाज बांधतो. 'अंदाज' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जेथे व्हायोलिन आणि वृंदस्वर एकाच स्वरस्थानावर एकमेकांत मिसळले आहेत, तेथे ते मूळ रूपात परत मिळत नाहीत, त्यांची संभाव्य प्रतिकृती मिळते. स्वर संपल्यानंतर खोलीत रेंगाळणारा निनाद अशा वेळी बहुधा प्रथम तुटतो.

क्रॉस्बी आणि स्पेक्टर :

या चर्चेला कसोटी लावण्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले उदाहरण अर्व्हिंग बर्लिन याच्या 'व्हाइट ख्रिसमस' या गीताचे. क्रॉस्बीने ते २९ मे १९४२ रोजी डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. त्याच वर्षीच्या 'हॉलिडे इन' या चित्रपटातून ते लोकांसमोर आले. गीताला इतकी मागणी आली की पुनःपुन्हा प्रती काढून मूळ साचा झिजला, आणि मार्च १९४७ मध्ये पूर्वीचाच वाद्यवृंद व वृंदगायक जमवून ते पुन्हा मुद्रित करावे लागले. आज बहुतेकांनी ऐकलेले 'व्हाइट ख्रिसमस' हे १९४७ चे आहे. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेच एक पुनरावर्तन आहे. आद्य रूपाच्या पावित्र्याचा युक्तिवाद येथे टिकत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि, १९४७ मध्ये जे घडले ते पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या रचनेशी इमान राखून घडले. गायक, वृंद आणि मायक्रोफोन यांच्यातील अंतराचा तोच संबंध पुन्हा उभा करण्यात आला. स्टिरिओ पुनर्रचनेत नेमका हाच संबंध बदलतो. वृंदगायक दोन बाजूंना पसरले की त्यांच्या पुढे उभा असलेला एकटा माणूस त्यांच्या मध्ये सापडतो. गीताचा आशय दूरच्या घराची ओढ हा असताना, ध्वनी मात्र ऐकणाऱ्याला समारंभाच्या मध्यभागी नेऊन बसवितो. स्पष्टता वाढते, एकटेपण उणावते.

दुसरे उदाहरण फिल स्पेक्टर याच्या नाताळगीतांच्या ध्वनिमुद्रिकेचे. लॉस एंजेलिसमधील गोल्ड स्टार स्टुडिओत तयार झालेली ही मुद्रिका २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडी यांच्या हत्येच्याच दिवशी प्रकाशित झाली. या वेळी स्टिरिओ मुद्रिका बाजारात येऊन पाच वर्षे झाली होती, तरीही स्पेक्टरने मोनोचीच निवड केली. अनेक गिटार व अनेक पियानो एकाच खोलीत एकच स्वरावली वाजवीत, तो सारा ध्वनी प्रतिध्वनी-कक्षातून फिरविला जाई आणि कोणतेही वाद्य स्वतंत्रपणे ओळखू येऊ नये असा घट्ट ध्वनी तयार होई. 'ध्वनीची भिंत' या नावाने ही शैली प्रसिद्ध आहे. डार्लीन लव्ह हिचा आवाज त्या भिंतीवर मात करून वर येतो, आणि या झगड्यातच तिच्या गायनातील आर्तता आहे. अशा गीतातील वाद्ये सुटी करून डावी-उजवीकडे मांडणे म्हणजे भिंतीच्या विटा मोजून दाखविणे होय. विटा मोजता येतात, पण मग भिंत उरत नाही. १९९१ मध्ये स्पेक्टरच्या गीतांचा जो संच निघाला त्याचे नावच 'बॅक टू मोनो' असे होते, आणि ही नाताळगीते त्या संचात समाविष्ट होती. स्पेक्टरचे पुढील आयुष्य काळवंडलेले आहे. २००९ मध्ये त्याला खुनाबद्दल दोषी ठरविण्यात आले आणि २०२१ मध्ये कैदेत असतानाच त्याचा मृत्यू झाला. त्याविषयीचे नैतिक मत काहीही असो, १९६३ च्या त्या ध्वनीची रचना समजून घेण्याची समीक्षकाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

'स्टिरिओ उपलब्ध असते तर त्या कलावंतांनी ते वापरलेच असते' हा पुनर्रचनेच्या समर्थकांचा प्रमुख युक्तिवाद आहे. कोल आणि स्पेक्टर यांची उदाहरणे एकत्र पाहिली की त्याचे उत्तर मिळते. कोलला स्टिरिओ हवे होते, तेव्हा तो पुन्हा उभा राहून नव्याने गायिला. स्पेक्टरला ते उपलब्ध होते, त्याने ते नाकारले. दोघांनीही माध्यमाला आपल्या रचनेचा भाग मानले. मृत कलावंताच्या वतीने असा निर्णय घेणाऱ्याने तो निर्णय स्वतःचा आहे हे सांगितले पाहिजे.

संहिता आणि टीका :

या ठिकाणी आपल्याकडील पाठचिकित्सेच्या परंपरेचे स्मरण उपयुक्त ठरेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली व १९६६ मध्ये ते कार्य पूर्णत्वास गेले. वि. स. सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीत संपादकाने एक पाठ स्वीकारला तरी नाकारलेले पाठ नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत नोंदविले. त्यामुळे संपादकाच्या निर्णयाशी असहमत होण्याचा वाचकाचा अधिकार अबाधित राहिला. ध्वनिसंहितेच्या संपादकाकडूनही एवढीच अपेक्षा आहे.

या निकषावर काही पुनर्रचना निश्चितच उतरतात. २०१९ मध्ये डेक्काने 'बिंग ॲट ख्रिसमस' हा संग्रह प्रकाशित केला. क्रॉस्बीच्या निधनानंतर ४२ वर्षांनी, त्याच्या जुन्या आवाजाला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राची नवी साथ त्यात दिली आहे. अभिरुचीच्या दृष्टीने कोणाला तो प्रयोग रुचेल, कोणाला रुचणार नाही. परंतु त्या संग्रहावर वाद्यवृंदाचे नाव स्पष्ट आहे आणि तो स्वतःला जुने ध्वनिमुद्रण म्हणवून घेत नाही. ती उघडपणे लिहिलेली टीका आहे. याउलट १९६० च्या दशकातील कृत्रिम स्टिरिओ मुद्रिका वेष्टनावर 'स्टिरिओ' हा शब्द ठळकपणे मिरवीत आणि प्रक्रियेचा उल्लेख बारीक अक्षरांत करीत. तो प्रक्षेप होता. संगीतसेवांवर एकाच गीताची अनेक रूपे एकाच नावाखाली, साल व मिश्रणकर्ता यांच्या नोंदीविना आढळतात, तेव्हा हाच दोष नव्या वेषात परत येतो.

हा प्रश्न केवळ काटेकोरपणाचा नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील यूनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत यूनिव्हर्सल संगीतसमूहाच्या अनेक मूळ ध्वनिफिती नष्ट झाल्या. डेक्काचा जुना अमेरिकी ठेवा याच समूहाकडे आहे. नेमके किती नष्ट झाले याविषयी वाद असला, तरी मूळ सामग्री नाशवंत आहे हे निर्विवाद आहे. मूळ साधन हरवते तेव्हा प्रचलित प्रत हीच पुढील पिढीची संहिता होते. ती प्रत अंदाजाने विलग केलेल्या ध्वनींची असेल, आणि तसे कोठेही नोंदविलेले नसेल, तर अंदाज हाच इतिहास ठरेल.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. 'मुगल-ए-आझम' (१९६०) हा चित्रपट २००४ मध्ये रंगीत स्वरूपात प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचा ध्वनीही बहुवाहिनी पद्धतीत नव्याने सिद्ध करण्यात आला होता. रंगाविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली, त्या मानाने ध्वनीविषयी थोडी. डोळ्याला बदल चटकन दिसतो, कान तो निमूटपणे स्वीकारतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मोनो ही स्टिरिओची अपूर्ण अवस्था नसून अंतरावर आधारलेली स्वतंत्र ध्वनिरचना आहे. पुनर्रचनेचे चारही मार्ग सारखे नाहीत आणि त्यांचे मूल्यमापन वेगवेगळे व्हावयास हवे. आणि पुनर्रचना स्वागतार्ह ठरण्यासाठी दोन अटी आवश्यक आहेत : तिने आपले साल, साधन व कर्ता सांगावा, आणि मोनो पाठ सहजपणे उपलब्ध राहावा.

यातील पहिली गोष्ट वर्गात पडताळून पाहणे कठीण नाही. १९४७ चे 'व्हाइट ख्रिसमस' एकाच ध्वनिवर्धकावरून ऐकवावे, त्यानंतर त्याचे एखादे स्टिरिओ रूप दोन ध्वनिवर्धकांवरून ऐकवावे, आणि 'कोणते चांगले?' असे न विचारता 'गाणारा माणूस तुमच्यापासून किती दूर उभा आहे?' असे विद्यार्थ्यांना विचारावे. साहित्याच्या वर्गात निवेदकाचे स्थान आपण जसे शोधतो, तसेच हे शोधणे आहे.