श्रमाचा अर्थ आणि सुर्व्यांची कविता

नारायण सुर्वे यांचा 'माझे विद्यापीठ' हा काव्यसंग्रह १९६६ साली प्रसिद्ध झाला. गिरणीत राबलेल्या, शाळेत शिपाई व पुढे शिक्षक झालेल्या या कवीने श्रमाचे पोकळ स्तोत्र गायिले नाही; त्याच्या कवितेचे बळ आम्हांस यातच दिसते. काम थोर म्हणून कामगार थोर नव्हे. माणूस थोर, म्हणून त्याचे काम थोर, असे ती सुचविते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात श्रमाचे मोल करणाऱ्या माणसावरूनच ठरविले आहे.

वर्गाच्या घोषात एकट्या, थकलेल्या जिवाचा हुंदका कधी कधी बुडतो, ही या कवितेची उणीव. तथापि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा तिची खरी कसोटी लागली. कामच गेले, तर जगण्याला अर्थ उरतो काय? माणसाचे मोल यंत्राला बांधणाऱ्यांपाशी उत्तर नव्हते. या कवितेपाशी ते आहे.

प्रवचनपीठावरून आम्ही कष्टकऱ्यांना सहनशीलतेचा उपदेश पुष्कळ केला. त्यांच्या वेतनाची विचारपूस क्वचितच केली. सुर्वे वाचताना आमची ही चूक आम्हांस बोचते.